नियमशास्त्रातील आज्ञापालन रोजच्या ख्रिस्ती जीवनात कसे आणावे: गोव्यातील नवख्या वाचकांसाठी

उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या मोशेच्या पाच पुस्तकांना यहुदी लोक तोराह म्हणतात आणि मराठी पवित्र शास्त्रात त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी नियमशास्त्र असा येतो. गोव्यातील मराठी वाचकाला त्यांतली कथा परकी नाही, कारण १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग जुन्या करारावरच रचलेला आहे. अडचण येते ती आज्ञांपाशी. यहुदी परंपरेने या पाच पुस्तकांत ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, आणि त्या नव्याने वाचू लागलेला ख्रिस्ती माणूस साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर लेवीयमधले बलिदानांचे नियम वाचता वाचता कंटाळून तो पुस्तक मिटतो, नाही तर डुकराचे मांस निषिद्ध आहे असे मोबाइलवरच्या कुठल्याशा प्रवचनात ऐकून दुसऱ्याच दिवशी घरातले चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) उकिरड्यावर टाकतो आणि फेस्तासाठी डुकराच्या मांसाचे सार्पातेल शिजवणाऱ्या आईला शास्त्र शिकवू लागतो. या दोन्ही टोकांना न जाता आज्ञापालनाची सवय कशी लावून घ्यावी, याची पायरी-पायरीने मांडणी पुढे केली आहे. वाचक कॅथलिक असू शकतो, तसाच अन्य मंडळीतलाही. जेथे शिकवण वेगळी आहे, तेथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: वाचनाचा क्रम ठरवा

सुरुवात निर्गमच्या १९व्या अध्यायापासून करावी आणि २४व्या अध्यायापर्यंत सलग वाचावे. आज्ञा सांगण्याआधी देव इस्राएल लोकांना काय आठवण करून देतो, हे येथे नीट पाहायचे आहे. मी तुम्हांला गरुडाच्या पंखांवर उचलून माझ्याकडे आणले, हे १९:४ मध्ये आधी येते आणि माझे वचन ऐकाल तर, ही अट त्यानंतरच्या वचनात येते. दहा आज्ञांचा आरंभही मिसरच्या दास्यातून केलेल्या सुटकेच्या उल्लेखानेच होतो. सुटका आधी झालेली आहे आणि आज्ञा सुटलेल्या लोकांना दिलेली आहे. काम झाल्यावर फेडायच्या नवसासारखा हा व्यवहार नाही, आणि आज्ञा पाळून देवाची मर्जी विकत घ्यावी अशी येथे कोठेही रचना नाही. प्रथम त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, असे योहानाचे पहिले पत्र (४:१९) म्हणते तेव्हा ते हाच क्रम सांगत असते. हा क्रम मनात पक्का न करता आज्ञांची यादी हाती घेणाऱ्याच्या स्वभावात काही महिन्यांतच एक प्रकारची कडवट शिस्त येते आणि तिचा त्रास घरच्यांना आधी होतो.

निर्गमनंतर अनुवादाचे ५ ते ११ हे अध्याय, मग लेवीयचा १९वा अध्याय आणि त्यानंतर अनुवादाचे २२ ते २५ हे अध्याय घ्यावेत. बलिदाने, याजकांची वस्त्रे आणि निवासमंडपाची मापे नंतरसाठी ठेवल्यास काही बिघडत नाही.

दहा आज्ञांचे क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो. आईबापांचा मान राख, ही आज्ञा कॅथलिक दोत्रीनीत, म्हणजे धर्मशिक्षणात, चौथी आहे, तर यहुदी आणि बहुतेक प्रोटेस्टंट गणनेत पाचवी. मूळ मजकूर एकच असून फक्त विभागणी वेगळी आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या पुस्तकात चूक आहे असे समजून वाद घालू नये.

दुसरी पायरी: कोणती आज्ञा कशी लागू होते, ते पाहा

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी नियमशास्त्रातील आज्ञांचे नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग केले. पहिल्या भागातल्या आज्ञा ख्रिस्ती माणसाला बांधील आहेत आणि उरलेल्या दोन भागांतल्या त्या रूपात बांधील नाहीत, अशी ही मांडणी आहे. ती उपयोगी असली तरी मूळ ग्रंथात आज्ञांवर अशा चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा लेवीय १९:१८ मध्ये आहे आणि दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र वापरू नको, ही लगेच पुढच्याच वचनात आहे. म्हणून नवख्याने आधी एक साधा प्रश्न विचारावा: या विषयावर येशू किंवा प्रेषित काही बोलले आहेत काय?

बहुतेक वेळा उत्तर मिळते. व्यभिचार, खून, चोरी, लोभ यांविषयीच्या आज्ञा पौल रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात उद्धृत करतो आणि त्या सगळ्या शेजारप्रीतीत सामावतात असे म्हणतो. खाण्यापिण्याविषयी मार्क ७:१९ आणि कलस्सैकरांस २:१६ स्पष्ट आहेत. सुंता आणि मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र अन्य राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर लादायचे की नाही, हा प्रश्न यरुशलेमच्या सभेपुढे आला, तेव्हा ते ओझे लादू नये असा निर्णय झाला. तो प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात आहे. त्या निर्णयात मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेला प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास मात्र सांगितले आहे. पारंपरिक सार्पातेलात डुकराचे रक्त घालतात, त्यामुळे हे वचन वाचून गोव्यातला नवखा वाचक दचकणे स्वाभाविक आहे. रक्ताचा तो निर्बंध यहुदी आणि अन्य विश्वासणाऱ्यांना एका मेजावर बसता यावे म्हणून त्या काळापुरता होता, अशी भूमिका १४४२ साली फ्लोरेन्सच्या परिषदेने घेतली आणि कॅथलिक वाचकाने तीच धरावी. अन्य मंडळींत यावर मतभेद आहेत. ज्याचे मन खाण्यास धजत नाही त्याने खाऊ नये, आणि जो खातो त्याला नावे ठेवू नयेत, हा रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाचा मार्ग तेथे पुरेसा आहे.

जी आज्ञा आज त्या रूपात बांधील नाही, ती टाकून द्यायची असेही नाही. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, ही अनुवाद २५:४ मधली आज्ञा पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (९:९) घेतली आणि सुवार्तेसाठी राबणाऱ्याच्या पोटाची सोय झाली पाहिजे, असा तिचा उपयोग केला. जुन्या आज्ञेतले तत्त्व नव्या परिस्थितीला कसे लावायचे, याचा हा खुद्द प्रेषिताने घालून दिलेला नमुना आहे आणि पुढची पायरी त्यावरच उभी आहे.

तिसरी पायरी: एकच आज्ञा घ्या आणि ती आपल्या अंगणात आणून पाहा

एका वेळी एकच आज्ञा घ्यावी. तिने कोणाचे रक्षण होत होते, ती कोणाला उद्देशून होती, ख्रिस्ताने त्या विषयाला कोणती दिशा दिली, आणि माझ्या ताब्यातल्या कोणत्या वस्तूला किंवा व्यवहाराला ती आज लागू पडते, हे चार प्रश्न कागदावर लिहून काढावेत. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरापुढे वार लिहावा.

उदाहरणादाखल निर्गम २१:३३–३४ पाहू. एखाद्याने खड्डा उघडा टाकला किंवा खणून झाकला नाही आणि त्यात बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई करावी, असा हा नियम आहे. रक्षण शेजाऱ्याच्या जनावराचे आहे, पण आज्ञा खड्डा उघडणाऱ्याला आहे. त्याने जनावराला ढकललेले नाही आणि त्याच्या मनात वाईटही नव्हते. झाकण न घालणे एवढाच त्याचा दोष, आणि नियमशास्त्राला तो पुरेसा वाटतो. येशूने लूक १४:५ मध्ये विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या, दिवशीही तुम्ही लगेच वर काढणार नाही काय, असे विचारले, तेव्हा अशा वेळी हात आखडता घेणे त्याला मुळीच मान्य नव्हते हे उघड होते.

आता हे गोव्यात आणू. चिरे काढून संपल्यावर मालकांनी तशाच सोडलेल्या चिरेखाणी आपल्याकडे अनेक गावांत आहेत. जूनच्या पावसात त्या काठोकाठ भरतात, कडा सरळ कापलेल्या असल्यामुळे आत पडलेल्याला पाय टेकवायला जागा मिळत नाही आणि सुट्टीत मुले नेमकी तेथेच पोहायला जातात. खाण कंत्राटदाराने केली, करार संपला, आता माझा संबंध नाही, असे जमीनमालक म्हणतो. परंतु निर्गमचा नियम खड्ड्याच्या मालकाचे नाव घेतो. ज्याच्या नावावर अशी जमीन आहे त्याने पावसाआधी कुंपण घालणे, फलक लावणे आणि पंचायतीला लेखी कळवणे, हे या आज्ञेचे पालन होय. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने घरामागची विहीर पाहावी. कठडा कंबरेइतका आहे का, वरची जाळी गंजून फाटली आहे का, शेजारचे लहान मूल एकटे तेथवर पोहोचते का? घराच्या गच्चीला कठडा कर, नाही तर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवाद २२:८ म्हणते. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्याने हे वचन वाचून गच्चीचा कठडा तर तपासावाच, पण न्हाणीघरातल्या गॅस गिझरची हवा बाहेर जाते की नाही, हेही त्याच दिवशी पाहावे.

दुसरे उदाहरण मजुरीचे आहे. मजूर आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असे अनुवाद २४:१४–१५ सांगते. लेवीय १९:१३ मध्येही मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये असे आहे. नारळ पाडणारा पाडेली, घर सारवणारी बाई, कर्नाटकातून किंवा झारखंडातून आलेला गवंड्याच्या हाताखालचा माणूस, या सर्वांना आपण सहजपणे उद्या देतो, सुटे नाहीत, असे सांगतो. आज फोनवरून पैसे पाठवता येत असल्यामुळे सुट्यांची सबब उरलेली नाही. कामावर बोलावण्याआधीच रक्कम बाजूला काढून ठेवणे आणि काम संपताच ती देणे, एवढीच ही साधना आहे. अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोबाने (५:४) नव्या करारातही बजावले आहे, त्यामुळे ही गोष्ट जुन्या काळाची म्हणून सोडता येत नाही.

तिसऱ्या उदाहरणावर मात्र आपल्याकडे लोक चिडतात. पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने बाळगू नकोस, असे अनुवाद २५:१३ म्हणते. पर्यटकाला एक भाव आणि गावच्याला दुसरा, ही दोन वजनांचीच पद्धत आहे, असे माझे मत आहे. हंगामात खोलीचे भाडे वाढते यात फसवणूक नाही, कारण ते सर्वांनाच वाढते आणि आधी सांगितले जाते. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीचा तोच वाटा किंवा टॅक्सीची तीच फेरी समोरच्याचा चेहरा आणि भाषा पाहून महाग होत असेल, तर परदेशीयाला स्वदेशीयासारखाच मान, ही लेवीय १९:३४ ची आज्ञा मोडली जाते. हंगाम चारच महिने असतो, हे मला पटणारे उत्तर नाही.

चौथी पायरी: वेळ आणि जागा नेमून द्या

शेमा या नावाने ओळखली जाणारी अनुवाद ६:४–९ ही वचने आज्ञापालनाची जागा आणि वेळ सांगतात: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना या गोष्टींविषयी बोलत जा, आणि मुलांच्या मनावर त्या बिंबव. येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारली गेली तेव्हा मार्क १२:२९ मध्ये त्याने येथूनच उत्तराला आरंभ केला. ज्या घरात संध्याकाळचा तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, अजून होतो, त्या घराला नवी वेळ शोधावी लागणार नाही. तेर्सानंतर आठवड्याची आज्ञा एकाने वाचावी आणि ती आज कोठे आड आली, एवढेच प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे. मोठ्यांनी आधी बोलावे. नाही तर ती मुलांची तपासणी होते. एकट्या राहणाऱ्याने कामावर जाताना बसमध्ये ती आठवावी आणि निजताना लिहून ठेवावी.

सवयीची ताकद पाहायची असेल तर मराठी मुलखातच उदाहरण आहे. रायगडच्या किनारपट्टीवरील गावांत राहणारे, मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. शेमाचे पहिले वचन आपल्या पूर्वजांनी अन्य यहुद्यांपासून दूर असतानाही मुखी राखले, असे त्यांची परंपरा सांगते.

येथे एक सूचना करणे भाग आहे. नियमशास्त्रावर बोलताना यहुदी लोकांविषयी तुच्छतेने बोलण्याची सवय काही प्रवचनांतून लागते, आणि गोव्यात तर ती विशेष गैर आहे. १५६० साली येथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बसले, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या यहुदी कुळांतील माणसे गुप्तपणे मोशेचा नियम पाळतात काय, यावर त्याची करडी नजर होती. पणजीतल्या नगरपालिका उद्यानाला ज्यांचे नाव आहे, ते वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ साली वारले आणि यहुदी आचार पाळल्याच्या आरोपावरून १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुद्यांविषयीच्या द्वेषाचा निषेध केला आहे. तेव्हा त्यांच्या ग्रंथातून शिकताना आदर ठेवावा, आणि हौस म्हणून त्यांचे सण-विधी घरी नाटकासारखे करू नयेत.

पाचवी पायरी: घरातला तंटा

जो आपला द्वेष करतो त्याचा बैल भटकताना दिसला तर तो त्याच्याकडे पोहोचता कर, त्याचे गाढव ओझ्याखाली दबलेले दिसले तर त्याला मदत कर, असे निर्गम २३:४–५ सांगते. शत्रूविषयी गोड भावना बाळग, असे तेथे म्हटलेले नाही; एक ठरावीक काम सांगितले आहे. गोव्याच्या कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगे आणि मुली सर्वांचा हक्क असतो, आणि न्याय्य असलेल्या या व्यवस्थेतही वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारी भावंडे गावोगाव सापडतात. दावा चालू असला तरी भावाच्या बंद घरावरचे कौल उडाले तर त्याला दुबईला फोन करून कळवावे, त्याच्या नावाने आलेले पत्र जपून ठेवावे. लेवीय १९:१६–१७ आणखी दोन गोष्टी सांगते: चहाड्या करीत फिरू नको, आणि मनात द्वेष न ठेवता काय चुकले ते तोंडावर सांग. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून तिसऱ्याला सांगितलेली तक्रार या दोन्हींच्या विरुद्ध जाते. न्यायालयात हक्क मागणे मात्र आज्ञाभंग नव्हे.

आईबापांचा मान म्हणजे केवळ पाया पडणे नव्हे, हेही येशूने मार्क ७:९–१३ मध्ये दाखवले आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून जबाबदारी टाळणाऱ्यांना त्याने कठोर शब्द वापरले. मुले परदेशी आणि मोठ्या घरात एकटी आई, हे चित्र आपल्याकडे नित्याचे आहे. फेस्ताच्या देणगीआधी तिच्या औषधांचा आणि सोबतीच्या बाईच्या पगाराचा हिशेब व्हावा.

सहावी पायरी: विसावा

ख्रिस्ती मंडळी रविवार पाळते, पण विसाव्याचे कारण अनुवाद ५:१४–१५ मध्ये वाचण्यासारखे आहे: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी पगार न कापता द्यावी. हॉटेलात काम करणाऱ्याला रविवार मोकळा मिळत नसेल, तर कॅथलिकांसाठी शनिवारच्या सायंकाळची मिसा ग्राह्य आहे. विसाव्यासाठी आठवड्यातला दुसरा एखादा दिवस ठरवावा.

सातवी पायरी: आज्ञापालनाची मर्यादा ओळखा

आज्ञापालनाच्या नावाखाली माणसांची हुकूमत खपवली जाते, म्हणून नवख्याला हे आधीच ठाऊक असले पाहिजे. बाळांना मारण्याची मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी मोडली आणि देवाने त्यांचे कल्याण केले, असे निर्गमचा पहिलाच अध्याय सांगतो. राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी करून ती आयुष्यभर वाचावी, म्हणजे तो आपल्या बांधवांपेक्षा स्वतःला उंच समजणार नाही, असे अनुवाद १७:१८–२० म्हणते. तेव्हा कोणताही पाद्री, पास्टर, नवरा किंवा सासरा त्या शास्त्राच्या वर नाही. देवाचे ऐका म्हणजे माझे ऐका, असे म्हणून पैसे, जमिनीचे कागद किंवा मुलीचे लग्न यांवर कोणी निर्णय लादू लागला, तर तेथून उठून जावे. मारहाण सहन करणे हे आज्ञापालन नाही. अशा वेळी पोलिसांकडे जाण्यास पवित्र शास्त्राची कोणतीही आडकाठी नाही.

आठवी पायरी: आज्ञा मोडली गेली तर

मोडली जाईलच. याबाबत नियमशास्त्र फार व्यवहारी आहे आणि आपण त्याचा हा भाग सर्वांत कमी वापरतो. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने पाप कबूल करावे, मूळ रक्कम पुरती परत करावी आणि तिच्यात पाचवा हिस्सा भर घालावी, असे गणना ५:६–७ सांगते. जक्कय या जकातदाराने तर लूक १९:८ मध्ये चौपट देऊ केले. कॅथलिक माणूस कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली) करून मोकळा होतो, अन्य मंडळीतला प्रार्थना करून मोकळा होतो, आणि ज्याचे पैसे बुडवले तो मात्र तसाच राहतो. म्हणून पाडेलीचे ५०० रुपये राहिले असतील तर त्याला ६०० द्यावेत, आणि का ते त्याला सांगावे. क्षमा ख्रिस्ताच्या कृपेनेच मिळते, या १०० रुपयांनी नव्हे. पण क्षमा मिळालेल्याने नुकसान भरून दिलेच पाहिजे.

ज्याचे देणे आहे तो वारला असेल तर त्याच्या वारसांना शोधावे. घेणारा कोणीच उरला नाही, तर गणना ५:८ प्रमाणे ती रक्कम याजकाकडे द्यायची होती. आपल्याकडे काम संपवून परराज्यात परतलेल्या मजुराचा ठावठिकाणा पुष्कळदा मिळत नाही. त्याला आणणाऱ्या कंत्राटदाराकडे आणि त्याच्या सोबत्यांकडे विचारणा करून पाहावी, आणि तरीही तो सापडला नाही तर पाचव्या हिश्शासह ती रक्कम गावातल्या गरजूंसाठी, उदाहरणार्थ पॅरिशमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे, नाव न सांगता द्यावी.